आवासकरांचं उठायचं राहून गेलं

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी कुवेत सिटीत एका मीटिंगमध्ये बसले होते. पंप कुणाच्या चुकीमुळे बंद पडला यावर दोन कंपन्यांची माणसं अतिशय सभ्य भाषेत भांडत होती आणि मी कॉफी पीत माझी पाळी यायची वाट बघत होते. सलीमभाई आमच्या अहमदीच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळतात. ते मेसेज करतात, फोन सहसा करत नाहीत, म्हणून बाहेर जाऊन घेतला. "मॅडम, आवासकरसाहेब उठत नाहीत," ते म्हणाले. उठत नाहीत म्हणजे काय, असं मी विचारलं, तर थोडं थांबून पुन्हा तेच, "म्हणजे... उठत नाहीत." मागे कुणीतरी ॲम्ब्युलन्सवाल्याला पत्ता समजावत होतं. मी आत जाऊन पर्स उचलली आणि जावं लागेल असं सांगितलं. घरचं कोणी आहे का, असं एकानं विचारलं. मला पटकन नातं सांगता येईना. "माझ्या गाडीत येतात ते," एवढंच मी बोलले.

ते खोटं नव्हतं. दानियल आवासकर मंगफ या वस्तीत आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एकटे राहत आणि कित्येक वर्षं रोज सकाळी माझ्या गाडीतून अहमदीला येत. स्वतःची गाडी त्यांनी बायको गेल्यावर विकून टाकली होती. फुकट येत नसत. पेट्रोलऐवजी सल्ले देत. लेन बदलू नका, त्या ट्रकच्या मागे राहू नका, एसी माझ्या गुडघ्यावर मारू नका. शेजारची सीट त्यांनी पार मागे ढकलून घेतली होती आणि नवरा बसताना ती पुढे घेई तर दुसऱ्या दिवशी यांचं तोंड फुगलेलं. अलिबागजवळच्या आवास गावचे, म्हणून आवासकर. माझं आडनाव त्यांनी कधीच तोंडात घेतलं नाही, मला ते 'नाशिककरबाई' म्हणत. "आमच्यात गावावरूनच आडनाव असतं, तुम्हाला सूट कशाला द्यायची?" असं त्यांचं म्हणणं.

'आमच्यात' म्हणजे कुणात, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. नाव दानियल म्हणून अर्धं ऑफिस त्यांना ख्रिश्चन समजे, आडनाव ऐकून उरलेलं अर्धं कुणी कोकणस्थ समजे, आणि ते कुणाचीच समजूत घालायला जात नसत. आवासकर बेने इस्रायल होते. रायगडच्या किनाऱ्यावर कित्येक पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावानं ज्यांना शनवारतेली म्हटलं, ते यहुदी. कुवेतमध्ये हे कुणी दारावर लिहून ठेवत नाही. सलीमभाई मात्र श्रीवर्धनचे. त्यांनी पहिल्याच दिवशी गावाचं नाव ऐकलं, माणसाकडे नीट पाहिलं, आणि फक्त एवढंच विचारलं, "इस्रायल आळीत कोणी आहे का तुमचं?" आवासकर हो म्हणाले. त्यावर सलीमभाईंनी त्यांना चहा आणून दिला आणि पुढे इतकी वर्षं हा विषय कुणापुढे काढला नाही. हे मला खूप नंतर कळलं, तेही आवासकरांकडून.

मला कळलं ते सुट्टी बदलली तेव्हा. पूर्वी इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे, ती शुक्रवार-शनिवार झाली. सगळे कुरकुरत होते आणि हा एकटा माणूस गाडीत शीळ घालत होता. मी छेडलं तेव्हा अहमदी येईपर्यंत त्यांनी सगळं सांगून टाकलं. कोकणात त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला लोक मशीदच म्हणत, शुक्रवारी संध्याकाळी आई खोबरेल तेलाचा दिवा लावी, नवस फेडायचा तर एलियाहू पैगंबराच्या नावानं मलिदा करायचा. हा मलिदा पुढे आमच्या ऑफिसानं पुष्कळ खाल्ला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळी नि सफरचंदाच्या फोडी. केरळचे, इजिप्तचे, आमचे, सगळे त्यावर तुटून पडत. कशाचं गोड, असं कुणी विचारलं तर आवासकर सांगत, "माझ्या एका जुन्या दोस्तासाठी."

त्यांचं काम पाइपांचे जोड तपासण्याचं. वेल्डिंग झालं की जोडाचा एक्स-रे काढतात, ती फिल्म उजेडाच्या पेटीवर धरून बघायची आणि पास की नापास ते सांगायचं. या कामात ते कमालीचे खडूस होते. वेल्डर त्यांच्यावर खार खाऊन असत. एकदा मी त्यांच्या टेबलाशी उभी असताना त्यांनी एक फिल्म दाखवली. जोड मला तरी छान दिसत होता. ते म्हणाले, वरून छानच आहे. आत बघा, ही काळी रेघ. दोन्ही पाइपांची कड वितळायला हवी, तेव्हा एक होतं. इथे एकाची वितळली, दुसरा जसाच्या तसा. नुसता चिकटून बसलाय. मग फिल्म बाजूला टाकून मला म्हणाले, "माझं नि देवाचं सध्या असंच चाललंय." मी हसले. देवधर्मातलं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. हे त्यांना ठाऊक होतं. मला वाटतं, म्हणूनच ते मला सांगत. ज्याला कळतं त्याच्यापुढे माणूस सांभाळून बोलतो.

तर गाडीत, सिग्नलमागून सिग्नल, मला हे शिक्षण मिळत गेलं. देवावर पुऱ्या मनानं, पुऱ्या जिवानं प्रेम करायचं, असं त्यांच्याकडे रोज दोनदा म्हणतात. पुऱ्या जिवानं म्हणजे किती, यावर त्यांच्या जुन्या ज्ञानी लोकांनी फार डोकं चालवलंय. त्यांचं म्हणणं, प्रेम खरं असेल तर त्यात 'मी' म्हणून जो कोणी आहे तो मरायलाच पाहिजे. देह जाईल तेव्हा जाईल, त्याआधीच मरून बघायचं. मोशे हा त्यांचा मोठा पैगंबर, त्याला मृत्यूच्या दूतानं हात लावला नाही, देवानं स्वतः चुंबन घेऊन त्याचा प्राण काढून घेतला, असं ते मानतात. दुधातून केस काढावा तसा, न दुखता. आवासकरांचे आजोबा हे सांगताना बोटांनी हवेतला केस काढून दाखवत. आवासकरही तसंच करत आणि मी म्हणे, हात खाली घ्या, आरसा दिसत नाही मला.

या मरून बघण्याचा एक रिवाजही होता, आणि या लेखातलं सगळं त्याच्याभोवती फिरतं म्हणून जरा नीट सांगते. उभं राहून करायची मुख्य प्रार्थना संपली की खाली बसायचं, आणि डोकं आपल्या हातावर टेकून तोंड झाकून पडायचं. त्या घटकेला माणूस मेला. घे, म्हणायचं, माझं काही उरलं नाही. आणि मग उठायचं, तोंड पुसायचं आणि कामाला लागायचं. "उठणं महत्त्वाचं, नाशिककरबाई," ते म्हणत. "नुसतं मरायला काय, कुणीही मरतं." जगात त्यांचे काही लोक हे अजून करतात. आवासकरांच्या घरात मात्र याला बंदी होती. आजोबा बजावत, तोंडानं 'घे' म्हणायचं आणि मन खोबऱ्याच्या भावात, असलं केलंत तर तो खरंच घेऊन टाकेल. अर्धवट मनानं हे करणाऱ्याचं आयुष्य तुटतं, असं जुन्या लोकांनी सांगून ठेवलंय. तेव्हा आपण उभ्यानं प्रार्थना करायची, बसायचं, डोकं खाली ठेवायचं नाही. "तुम्ही कोकणातले लोक भित्रे," मी म्हटलं. "हिशेबी म्हणा," ते म्हणाले. त्यांनी जन्मभर डोकं खाली ठेवलं नव्हतं. आणि ठेवायचं होतं, हेही उघड होतं. मन पुरं लागलं की एकदा करीन, असं ते दर काही महिन्यांनी म्हणत, जसं माझा नवरा पोहायला जाईन म्हणतो तसं.

ऑफिसात दुपारचं जेवण झालं की आवासकर आपल्या टेबलामागच्या खिडकीशी पाय जुळवून उभे राहत. बहुतेकांना वाटे, पार्किंगमधली स्वतःची नसलेली गाडी शोधतायत. ते पश्चिमेला तोंड करून प्रार्थना म्हणत असत. शेजारी कोपऱ्यात सतरंजीवर सलीमभाईंचा नमाज व्हायचा, त्यांची दिशा आवासकरांच्या जरा डावीकडे. दोघांनी मिळून ही सोय कधी ठरवली नव्हती, पण एकाचं चालू असताना दुसरा फोन उचलून हळू बोलायचा. मग आवासकर मागे सरकत, खुर्चीत बसत, आणि पेटीचा दिवा लावून पुढची फिल्म नापास करत. गेल्या थंडीत एकदा गाडीत फार वेळ गप्प होते. मला वाटलं, एसीवरून रुसलेत. तर म्हणाले, "आताशा मन लागायला लागलंय." मी म्हटलं, मग ठेवा डोकं. ते बाहेर बघत म्हणाले, "हिंमत नाही होत. रूथला कोण आहे दुसरं?" रूथ त्यांची एकुलती एक मुलगी, ठाण्याला फिजिओथेरपिस्ट आहे.

सलीमभाईंचा फोन आला त्या दिवशी मला सिटीला जायचं होतं म्हणून ते सलीमभाईंच्या गाडीतून आले होते. जेवले, डब्यातलं कारलं आवडलं नाही म्हणून कुरकुरले, आणि खिडकीशी उभे राहिले. मग बसले. आणि मग, सलीमभाईंनी पाहिलं, त्यांनी डावा हात टेबलावर आडवा ठेवून त्यावर कपाळ टेकलं. सलीमभाईंनी हे आधी कधी पाहिलं नव्हतं. पण प्रार्थनेनंतर माणूस खाली वाकला याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता, सजदा, देवापुढे कपाळ टेकणं. सजद्यातल्या माणसाला हाक मारत नाहीत, त्याच्यासमोरून जात नाहीत. त्यांनी टेबलावरचा फोन वाजेल म्हणून रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. वेल्डिंगचा फोरमन नापास फिल्मवरून भांडायला आला, त्याला दारातूनच परत पाठवला, "नंतर ये, साहेब नमाजात आहेत." फोरमनही निमूट गेला. दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या कुठल्या ऑफिसात, टेबलावर डोकं टाकलेल्या साठीच्या माणसाला कुणीतरी खांद्याला धरून हलवलं असतं. इथे सगळ्यांनी आवाज कमी केला. बऱ्याच वेळानं सलीमभाईंना वाटलं, आज फारच लांबलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हात लावला.

डॉक्टरांनी हृदयविकार सांगितलं. मोठा झटका होता, कुणी काही करू शकलं असतं असं वाटत नाही, असंही म्हणाले. पुढचे दिवस धावपळीत गेले. आवासकरांना ठाण्याला न्यायचं म्हणजे दूतावास, हॉस्पिटल, विमान कंपनी, सगळीकडे सह्या. ते सगळं सलीमभाईंनी केलं. कुठल्या खिडकीवर आधी जायचं, कुठल्या कागदाची अरबी प्रत लागते, हे त्यांना पाठ आहे, कारण इतकी वर्षं गावाकडच्या किती जणांना त्यांनी असं परत पाठवलंय. विमान सुटल्यावर ते पार्किंगमध्ये माझ्या गाडीला टेकून उभे राहिले आणि रडले. मला अशा वेळी काय करावं ते समजत नाही. पाण्याची बाटली दिली.

त्यानंतर रूथचा फोन आला. तो मला नाही, ऑफिसात आला, आणि घेतला नेमका सलीमभाईंनी. काय झालं ते तिनं विचारलं आणि त्यांनी जसं झालं तसं सांगितलं. काही लपवलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे पप्पा टेबलावर पडले होते आणि तुम्ही लोकांना गप्प बसवत होतात?" एवढंच बोलली आणि फोन ठेवला. सलीमभाईंनी मला हे वाक्य सांगितलं ते पुन्हा पुन्हा, एखादा जोड तपासावा तसं, कुठे काही फट आहे का ते बघत. फट नव्हती. त्यांनी दुपारचा डबा आणणं बंद केलं. नमाजाला ते आता खालच्या मजल्यावर जायचे. मी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं ऐकवलं, रूथलाही फोनवर ऐकवलं. दोघांनीही ऐकून घेतलं आणि दोघांचाही त्यावर विश्वास बसला नाही. वाटत नाही असं म्हणाले ना डॉक्टर, नक्की असं नाही म्हणाले, असं रूथ म्हणाली. इंजिनिअर म्हणून मला तिचं म्हणणं खोडता येईना.

काही आठवड्यांनी मी रजेवर भारतात गेले तेव्हा आवासकरांच्या टेबलावरच्या वस्तू रूथला द्यायला नेल्या. सलीमभाईंनीच त्या पिशवीत भरून दिल्या होत्या. डबा, पेनं, फिल्म बघायचं भिंग, आणि हातरुमालात गुंडाळलेला चष्मा. ठाण्याला तिच्या घरी बसले. तिनं चहा केला, माझी चौकशी केली, सगळं व्यवस्थित. पण चेहरा असा की काकू, हे लवकर उरका. माझीही तीच इच्छा होती. तिनं वस्तू एकेक करून बाहेर काढल्या आणि रुमाल उघडून थांबली. "चष्म्याला काहीच झालं नाही?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काय होणार? ती म्हणाली, "तोंडावर पडले ना ते? टेबलावर?"

मला तेव्हा सलीमभाईंनी पिशवी देताना सांगितलेलं आठवलं. त्यांच्या दृष्टीनं ती एक साधी माहिती होती, सामान सोपवताना सांगायची. चष्मा मी टेबलावरून घेतला मॅडम, पेटीच्या पलीकडे होता, काड्या मिटून ठेवलेला, खाली रुमालाची घडी घालून. मी रूथला तसंच सांगितलं. तिनं चष्मा उचलून हातात धरला. आवासकरांचा नंबर इतका मोठा होता की चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचा चहाचा कप सापडत नसे. फिल्म बघताना चष्मा, जेवताना चष्मा, गाडीत डोळे मिटून पडले तरी चष्मा. मीच त्यांना म्हणत असे, स्वप्नंसुद्धा नंबर लावून बघता का? रूथनं चष्मा परत रुमालावर ठेवला. "पणजोबांनी करू दिलं नव्हतं ते," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं होतं का त्यांनी?" मी हो म्हटलं. कोण आहे तुला दुसरं, असं ते म्हणाले होते, तेही सांगितलं. ते सांगावं की नाही याचा मी सबंध विमानप्रवासभर विचार केला होता आणि सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तोंडातून गेलं. तेव्हा ती रडली, आणि तिचा राग सलीमभाईंवरून उठून जिथे जायला हवा होता तिथे गेला. "स्वार्थी माणूस," ती म्हणाली. "एकदा फोन तरी करायचा मला."

मी स्वतःला बजावलं, चष्मा काढून ठेवला यावरून काहीच सिद्ध होत नाही. गरगरायला लागलं तरी माणूस चष्मा काढतो. घाम पुसायला काढतो. मी हे तिला सांगणारही होते. पण रुमाल घडी करून खाली घातलेला होता, आणि गरगरणारा माणूस रुमालाची घडी करत नाही. आवासकरांच्या आजोबांचं बजावणं खरं ठरलं असाही याचा अर्थ कुणी लावेल. मन अर्धं होतं, म्हणून आयुष्य तुटलं. रूथच्याही मनात ते आलं असणार, कारण ती मध्येच म्हणाली, "पुरं लागलं होतं त्यांचं मन? काय वाटतं तुम्हाला?" मी त्या माणसाच्या शेजारी रोज बसून आलेली बाई, देव न मानणारी. मी म्हटलं, "तुझ्या वडलांनी आयुष्यात एकही अर्धवट जोड पास केला नाही. स्वतःचा केला असता असं मला वाटत नाही." हे मी तिचं समाधान करायला बोलले नाही. मला ते खरंच वाटतं.

मग तिनं माझ्या फोनवरून सलीमभाईंना फोन लावायला सांगितला. कुवेतमध्ये दुपार होती. मी बाहेर जाऊ लागले तर तिनं हातानं बसवलं. "सलीमकाका, मी रूथ," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर केलंत. पप्पा प्रार्थनेतच होते. हात लावला असतात तर त्यांना आवडलं नसतं." मग तिनं त्यांना तो रिवाज समजावून सांगितला, डोकं टेकून मरायचं, आणि परत उठायचं, जेमतेम चार वाक्यांत, तिच्या वडलांना ज्याला सबंध अहमदीचा रस्ता लागे. सलीमभाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं ते मलाही ऐकू आलं. "मग... परत उठायचं विसरले का साहेब?" रूथ थोडी हसली. "विसरले नसतील, काका," ती म्हणाली. "त्यांना उठावंसं वाटलं नसेल."

मी परत आले त्याला आता महिना होईल. गाडीतली ती सीट अजून पार मागेच आहे, नवरा तिथे बसताना पाय लांब करून बसतो, ती पुढे घेत नाही. आवासकरांच्या टेबलावर नवा माणूस येईल, अजून आलेला नाही. सलीमभाई पुन्हा वरच्या मजल्यावर नमाज पढू लागलेत, डबाही आणतात. परवा दुपारी जेवण झाल्यावर, आवासकर खिडकीशी उभे राहत त्याच वेळेला, मला साइटवर फोन करायचा होता. माझा फोन चालत नव्हता म्हणून आवासकरांच्या टेबलावरचा घ्यायला गेले. रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला होता, खाली रुमाल घालून. खिडकीशी कुणी नव्हतं. सलीमभाई आपल्या जागेवर फाइली लावत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. मी माझ्या खुर्चीत येऊन बसले आणि त्यांनी तो रिसीव्हर जागेवर ठेवेपर्यंत थांबले.